एडिट करून देतो

ज्या मित्रमंडळात एकाकडे भारी कॅमेरा असतो, त्या मंडळात बाकी कोणाकडेही स्वतःचा धड फोटो नसतो. खिशातून मोबाइल काढावा तर कॅमेरावाला म्हणतो, "ठेव बे ते खेळणं. मी काढतो ना!" काढतोही. दहा-बारा वेळा खटखट होतं, तो मागच्या पडद्यात डोकं खुपसतो, स्वतःशीच 'हं' करतो आणि त्यानंतर तो फोटो त्रिभुवनात कोणाच्या दृष्टीस पडत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं : "एडिट करून देतो."

आमच्या मंडळातले हे गृहस्थ म्हणजे प्रकाशभाऊ. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण दर वाक्यात 'लाइट' येतो म्हणून आमच्यातल्या मास्तरने त्याचं नव्याने बारसं केलं, आणि आता त्याच्या सासुरवाडीचे लोकही त्याला प्रकाशरावच म्हणतात. भंडाऱ्यात एका सरकारी कचेरीत तो आवक-जावक सांभाळतो. टेबल आदर्श. आलेला कागद त्याच दिवशी नोंदवून, शिक्का मारून पुढे. कोणाची तक्रार नाही. घरी मात्र नुसती आवक. हार्ड डिस्कवर हार्ड डिस्क भरतात, नवी येते, जावक रजिस्टर कोरं.

तो कंजूष आहे म्हणावं तर तसंही नाही. चहाचे पैसे त्याच्याआधी कोणाला काढू देत नाही. रात्री-बेरात्री रक्त द्यायला नागपूरपर्यंत जाऊन आला आहे. आमच्या डॉक्टरच्या बहिणीच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत उभा होता, जेवलासुद्धा नाही, सगळे फोटो यानेच काढले. त्या बहिणीचा मुलगा आता पहिलीत आहे. अल्बमचं एडिटिंग चालू आहे.

(डॉक्टर म्हणजे आमचा औषधांच्या दुकानवाला. पदवी गावाने दिली आहे.)

घरात त्याच्या लेन्सांसाठी एक काचेचं कपाट आहे. त्यात चोवीस तास वीज चालू लागते, कारण आमच्या भागात पावसाळा म्हणजे चहूकडून पाणी. वर आभाळ, खाली बांध्या, मधे तलाव. लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, आणि एकदा धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरत जाते. त्यामुळे कपाटातली दमटपणाची टक्केवारी तो उठल्या-उठल्या बघतो. वहिनी म्हणतात, "आमच्याकडे लोणच्याला बुरशी लागते, चपलांना लागते, लग्नातल्या शालूला लागली. ते एक कपाट तेवढं खडखडीत." हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. पाऊस लांबला की शेंगदाण्याचे लाडूही त्या कपाटात ठेवतात, हे त्यांनी त्याला अजून सांगितलेलं नाही.

एरवी वर्षभर प्रकाशभाऊ माणसांत असतो. दसऱ्याला सोनं वाटायला येतो तो मात्र अंगात आल्यासारखा येतो. हातात आपट्याचं पान ठेवतो आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर पुढच्या शनिवारी-रविवारी सूर्य कधी उगवणार ते दाखवतो. दसरा आणि दिवाळी यांच्या मधला एक शनिवार-रविवार त्याच्या नावाने लिहून दिलेला आहे. नाही म्हणायची सोय नाही.

आणि त्याचं म्हणणं तसं खोटंही नाही. पावसाने हवेतली धूळ खाली बसलेली असते, झाडाचं पान न् पान धुतलेलं असतं. सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे ऊन पुरतं डोक्यावर चढत नाही, तिरपं अंगावर येतं. पहाटे तलावांवरून धुकं उठतं. हलकं धान पिवळं पडून कापणीला आलेलं असतं, भारी धान अजून हिरवं असतं, आणि मधल्या धुऱ्यांनी त्या पिवळ्या-हिरव्याचे चौकोन आखून दिलेले असतात. शरद ऋतूत भंडारा जिल्हा जितका देखणा दिसतो तितका तो एरवी दिसत नाही. एप्रिलात तर आम्हीही त्याच्याकडे बघत नाही.

ट्रिपचं वेळापत्रक तो ग्रुपवर टाकतो, तेही कार्यालयीन भाषेत. 'प्रस्थान ४.१५. तलाव ५.३०. सूर्योदय ६.१०. लाइट ६.१० ते ७.००. लाइट नाही ७.०० ते १६.३०. लाइट १६.३० ते १७.४०.' यावर मास्तर दरवर्षी विचारतो, सकाळी सात ते साडेचार आम्ही काय करायचं? उत्तर येतं, 'लोकेशन बघणे.' जेवणाचा उल्लेख नसतो. त्यावरून डॉक्टर रागावून ग्रुप सोडतो, त्याला परत घ्यावं लागतं, आणि ट्रिप ठरते.

शनिवारी पहाटे गाडी येते. गाडीवाले मामा खर्रा घोटत बसलेले, आम्ही अर्धवट झोपेत, आणि प्रकाशभाऊ अंगात चट्ट्यापट्ट्याचं मिलिटरी जॅकेट घालून हजर. जंगलात पाखरांना दिसू नये म्हणून हे जॅकेट. वापर मुख्यतः हायवेवर, आणि तिथे ते ट्रकवाल्यांना दिसत नाही हाच मोठा धोका. पुढची सीट त्याची, कारण कुठे थांबायचं ते तोच सांगणार. मधल्या सीटवर खिडकीशी मोठी लेन्स, तिला पट्टा लावलेला. उरलेल्या जागेत आम्ही तिघं, आम्हाला पट्टा नाही.

भंडारा ते साकोली हा रस्ता सरळ आहे. पूर्वीचा सहा नंबरचा, आता त्रेपन्न. पाऊण तासात साकोली यावी. प्रकाशभाऊसोबत ती कधी येईल ते सांगता येत नाही. "थांबवा!" तो ओरडतो. मामा करकचून ब्रेक दाबतात, मागचा ट्रक आईमाईवरून बोलून निघून जातो. तारेवर नीळकंठ बसलेला असतो. प्रकाशभाऊ उतरतो, वाकत वाकत पुढे जातो, गुडघ्यावर बसतो, कोपर टेकवतो, श्वास रोखतो. नीळकंठ उडतो. "पाठीमागे आभाळ पांढरं होतं तसंही," असं म्हणून तो परत येतो. दसऱ्याच्या दिवसांत नीळकंठ नुसता दिसला तरी शुभ मानतात, हे त्याला मास्तर समजावतो. नुसतं दिसण्यावर प्रकाशभाऊचा विश्वास नाही.

त्याचा तलाव कोणता, हे मला लिहायची परवानगी नाही. 'लोकेशन' फोडायचं नाही अशी त्याने आमच्याकडून शपथ घेतली आहे. साकोलीच्या अलीकडे रस्ता सोडून आत जावं लागतं, एवढंच सांगतो. तलाव इतका गुप्त आहे की पाळीवर सकाळी अर्धं गाव असतं. आमच्या जिल्ह्यात असे तलाव कितीतरी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी उतार बघून, माती टाकून ते बांधले आणि त्यांच्या भरवशावर धान पिकवलं. इंग्रजी अमलात ते मालगुजारांकडे होते. १९५१ साली मालगुजारी गेली, तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' ठरले. पुढे कोण्या कारकुनाने लिहायचा कंटाळा करून त्याचं 'मामा तलाव' केलं, तेच आता सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे. त्यामुळे "मामा, मामा तलावाकडे घ्या" असं प्रकाशभाऊ म्हणतो तेव्हा गाडीवाले मामा दरवेळी हसतात. एवढ्या पहाटे हसणारे गाडीत ते एकटेच.

पाळीवर तिपाई उभी राहते. तिच्या तीन पायांचे नऊ खटके आहेत, ते लावून होईपर्यंत पूर्व तांबडी होते. पाण्यावर धुकं, धुक्यात कमळाची पानं, पानांवरून टांगा टाकत चाललेला कमळपक्षी. आम्ही बघत असतो. प्रकाशभाऊ हात वर करून सांगतो, "अजून लाइट नाही."

फोटोग्राफीची त्याची सगळी विद्या दोन वाक्यांत मावते. पहिलं, 'अजून लाइट नाही.' दुसरं, 'लाइट गेला.' या दोन वाक्यांच्या मधे निसर्गाने काही मिनिटं ठेवलेली आहेत, त्यात प्रकाशभाऊ बॅटरी बदलतो.

मागच्या खेपेला नेमकं तेच झालं. सूर्याची कोर वर आली, धुक्यात सोनं मिसळलं, आणि त्या सोन्यातून एक ढीवर उभ्याने डोंगा रेटत आला. डोंग्यात हिरव्या शिंगाड्यांचा ढीग, माणसाची सावली पाण्यात लांब पडलेली. मास्तरच्या तोंडून "वा!" निघालं. प्रकाशभाऊ बॅगेत डोकं घालून कार्ड शोधत होता. डोकं बाहेर काढलं तेव्हा डोंगा उन्हाच्या पट्ट्याबाहेर, काठाशी येऊन पोचला होता.

"ओ भाऊ, मागे जा! मागे!"

ढीवर थबकला. "किती किलो पायजे?"

"किलो नाही. तुम्ही मागे जा आणि पुन्हा तसेच या."

"कायले?"

"फोटो काढतो."

"आता येऊन रायलो तवा काऊन नाई काढला?"

हा प्रश्न आमच्यापैकी कोणी इतक्या वर्षांत इतक्या सरळ विचारला नव्हता. प्रकाशभाऊने त्याला लाइट समजावून सांगायला सुरुवात केली. त्या माणसाने शांतपणे ऐकलं, सूर्याकडे पाहिलं, डोंग्याकडे पाहिलं, बांबू टेकवला आणि मागे गेला. पुन्हा आला. प्रकाशभाऊ म्हणाला, जरा डावीकडून. पुन्हा गेला, पुन्हा आला. मग डोंगा काठाला लावून खाली उतरला आणि म्हणाला, "आता लाइट गेला जी."

शिंगाडे आम्ही घेतले. घ्यावेच लागले. कच्चा शिंगाडा सोलणं हे काही शहरातल्या माणसाचं काम नाही. दोन्ही बाजूंची शिंगं टोचतात, साल ओली आणि चिवट, नखात काळपट रस जातो. तो माणूस अंगठ्याने एका बाजूला दाबून, दातांनी टोक तोडून, पांढराशुभ्र गर अख्खा बाहेर काढत होता, एकामागून एक, आमच्याकडे न बघता. त्याचे ते हात, चिरा पडलेला अंगठा, त्यावरचा तो ओला गर, सगळं अगदी समोर, हातभर अंतरावर. प्रकाशभाऊकडे तेव्हा सहाशेची लेन्स लावलेली होती. तिला इतक्या जवळचं दिसत नाही.

सातनंतर लाइट नसतो. म्हणजे लोकेशन बघायचं. लोकेशन म्हणजे कोणाचं तरी शेत असतं.

बांधीत बाया धान कापत होत्या. वाकून, ओळीने, एका लयीत. अंगात साडी, साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं. प्रकाशभाऊला हे दृश्य हवंच होतं, फक्त थोड्या दुरुस्त्या हव्या होत्या. तो धुऱ्यावरून खाली उतरला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही तुमचं काम करा. माझ्याकडे बघू नका. मी इथं नाहीच असं समजा."

एक पोक्त बाई कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. "नाईच समजाचं त मंग बांधीत कायले उभे आहा जी? धान तुडवून रायले."

सगळ्या हसल्या. प्रकाशभाऊ ओशाळून बाजूला झाला तो दुसऱ्या चुडावर. तिथून त्याने दुसरी दुरुस्ती सुचवली. शर्ट काढले तर साड्यांचे रंग चांगले येतील. नॅचरल वाटेल.

"धान चावते अंगाले," बाई म्हणाली. "तुमचा फोटू होऊन जाईन, रातभर खाजवत आमी बसू."

'नॅचरल' या गोष्टीवर प्रकाशभाऊची फार श्रद्धा आहे. मात्र नॅचरल माणूस त्याला सांगून तयार करावा लागतो. 'हसा' म्हटलं की माणूस हसत नाही, 'हसू नका' म्हटलं की हसतो, 'काम करा' म्हटलं की पदर सारखा करून ताठ उभा राहतो. बायांचं तेच झालं. ज्या मघाशी विजेसारख्या हात चालवत होत्या, त्या आता विळा हातात धरून शाळेच्या गॅदरिंगसारख्या रांगेत उभ्या. प्रकाशभाऊ घायकुतीला आला. "असं नाही हो! कापा, कापा. मुठीत धरा. हां, वाकून."

"हे धरा," असं म्हणून त्या बाईने विळा त्याच्याच हातात दिला. "तुमीच दाखवा कसा कापाचा ते. आमी पायतो."

मागे हटायला जागा नव्हती. चट्ट्यापट्ट्याचं जॅकेट घातलेले आवक-जावकवाले प्रकाशभाऊ बांधीत वाकले. पहिल्या मुठीला धान मुळासकट उपटून आलं. दुसऱ्या मुठीला बोट वाचलं ते नशिबाने. बाया पोट धरून हसत होत्या, एकीने डोळे पुसले, एकीने फडकं तोंडात कोंबलं, कोणाला कोणाची शुद्ध नव्हती. इतका नॅचरल फोटो त्या दिवशी पुन्हा मिळणार नव्हता. कॅमेरा धुऱ्यावर होता.

डॉक्टरने मोबाइलवर प्रकाशभाऊचा कापणी करतानाचा फोटो घेतला आणि तिथूनच ग्रुपवर टाकला. त्या ट्रिपमधला लोकांपर्यंत पोचलेला फोटो तो तेवढाच. त्याच्या खाली प्रकाशभाऊचा शेरा आहे : 'क्षितिज वाकडं.'

दुपार मास्तरच्या साळ्याकडे गेली. लाखोरीच्या डाळीचे वडे, झिंग्यांचा रस्सा, नवीन तांदळाचा भात. ताट वाढलं आणि प्रकाशभाऊ स्टुलावर चढला. वरून काढायचं होतं. मग खिडकी उघडली, मग बंद केली, मग वाटी दोन बोटं सरकवली. मास्तरच्या सासूबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या मित्राले सांगा, वड्याचा फोटू पोटात जात नाई." जेवून सगळे आडवे झाले. या झोपेसाठी मी दरवर्षी ट्रिपला जातो.

एक मात्र सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. हा माणूस पूर्वी असा नव्हता. रोलचा कॅमेरा होता तेव्हा प्रकाशभाऊचे फोटो आम्हाला मिळत. माझ्याकडे एक अजून आहे. तुमसर तालुक्यातला आंबागड, बख्त बुलंदशहाच्या काळातला पडका किल्ला, बुरुजावर आम्ही चौघं, सगळ्यांना केस. कारण तेव्हा रोल ३६ फोटोंचा. एकेक दाबताना काळजात कळ यायची, एकदा दाबलं की दाबलं. रोल धुवायला स्टुडिओत जायचा, आणि स्टुडिओवाला सगळेच्या सगळे ३६ छापून, पाकिटात घालून, पैसे मोजून घ्यायचा. हललेला, डोळे मिटलेला, अंगठा आडवा आलेला, सगळे. लपवायची सोयच नव्हती. आता कॅमेरा एका दमात शंभर काढतो, आणि त्या शंभरांतला चांगला कोणता हे ठरवायला प्रकाशभाऊ रात्री बसतो. पहिला बरा, पण पंख खाली. चाळिसावा बरा, पण डोळ्यात चमक नाही. एकसष्टावा सर्वांत बरा, पण तो बघितला की पहिला आठवतो. रात्रीचे दोन वाजतात. वहिनी दिवा मालवतात. रोल बंद पडले, तेव्हा आमच्या मैत्रीतला एक तिसरा माणूस गेला, तो स्टुडिओवाला. त्याच्याशिवाय यांच्याकडून वसुली होणं नाही.

आम्ही चांगला फोटो मागत नाही, नुसता फोटो मागतो, हे त्याला पटतच नाही. त्याला वाटतं आम्ही त्याची समजूत काढतो आहोत.

आदल्या वर्षी आम्ही पवनीला गेलो होतो. पवनी फार जुनं गाव. मातीचा तट, खंदक, एका बाजूला वैनगंगा. १९६९-७० साली तिथे उत्खनन झालं आणि जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला, इसवीसनाच्या आधीचा. प्रकाशभाऊला जवाहर दरवाजाचा फोटो हवा होता, पण त्यात माणूस नको होता. आता वेशीतून गावाची रहदारी. सायकल गेली की स्कूटर, स्कूटर गेली की बकऱ्या, बकऱ्या गेल्या की शाळा सुटली. प्रकाशभाऊ तिपाई लावून उभा. दोन हजार वर्षं त्या गावात माणसांची ये-जा थांबली नाही, ती आमच्यासाठी थांबावी अशी त्याची अपेक्षा होती. उत्खनन करणाऱ्यांना तिथे स्तूप मिळाला. याला रिकामी चौकट मिळाली नाही.

मागच्या खेपेला रविवारी पहाटे नागझिरा. पिटेझरीच्या दारावर चार डिग्र्या पदरी असल्यासारखी पोरं रांगेत, प्रत्येकाच्या गळ्यात नळकांडं. तिथे प्रकाशभाऊ खुलतो. तिथे त्याचे लोक असतात. ते एकमेकांना नाव विचारत नाहीत, लेन्स विचारतात. "किती? सहाशे?" "सहाशे." "पाच-सहाचं का सहा-तीनचं?" आणि दोघं एकमेकांकडे आदराने बघतात. वाघ दिसला का, हा प्रश्न बाकीच्यांसाठी.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. इथलं जंगल दाट. वाघ असतात, पण ते लोकांना दिसण्याचं बंधन पाळत नाहीत. आम्हाला वाघ दिसला नाही. गवा दिसला. वळणावर रस्त्याच्या मधोमध, नर, काळा कुळकुळीत, खांद्यावर डोंगर, पायांत पांढरे मोजे. आणि काय तो लाइट! सागाच्या पानांतून तिरपा येऊन थेट त्याच्या पाठीवर. गाइडने जिप्सी थांबवली आणि हळूच म्हटलं, "घ्या साहेब. याच्यापेक्षा चांगला नाई भेटत."

गवा हलला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागे जिप्स्यांची रांग लागली. सगळीकडून खटखट सुरू होती, एक प्रकाशभाऊचा कॅमेरा सोडून. तो डोळा लावून बसला होता. मास्तरने कानात विचारलं, काय झालं?

"मान खाली आहे त्याची."

"मग?"

"वर करेल."

त्याने वर केली नाही. रवंथ करत उभा होता तो शांतपणे, आणि प्रकाशभाऊ ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता, "कर वर... कर ना राजा वर... थोडीशी." ढीवराने ऐकलं होतं, बायांनी निदान उत्तर तरी दिलं होतं. गव्याने शेपटी उडवली, शेणाचा पो टाकला आणि झाडीत शिरला. शिरताना मान वर केली.

"लाइट गेला," प्रकाशभाऊ म्हणाला.

गाइडने त्याच्याकडे वळून पाहिलं. बोलला काही नाही. जंगलात बोलायचं नसतं, हा नियम त्या दिवशी प्रकाशभाऊच्या कामी आला.

परतताना आम्ही एका फाट्यावरच्या टपरीवर थांबतो. हाही दरवर्षीचा शिरस्ता. टपरीवाला म्हातारा आहे, मिशी भरघोस, एका डोळ्याची पापणी किंचित मिटलेली. चहात आलं इतकं की घसा धुऊन निघतो. यंदा बाकावर बसलो आणि मास्तरने मला कोपराने ढोसलं. समोर, स्टोव्हच्या वर, गजानन महाराज आणि साईबाबा यांच्या मधे, काचेच्या फ्रेममध्ये टपरीवाल्याचा फोटो. वाफेतून वर बघणारा, मिशीच्या एकेका केसावर उजेड. फोटो इतका चांगला होता की आम्ही तिघंही एकदम गप्प झालो. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रकाशभाऊची सही.

"हा केव्हा दिला बे?" डॉक्टर जवळजवळ ओरडलाच. बहिणीचा अल्बम त्याच्या डोळ्यांपुढे आला असणार.

प्रकाशभाऊ बशीत बघू लागला. टपरीवाल्यानेच खुलासा केला. मागच्या दिवाळीआधी साहेब इथे लेन्सचं झाकण विसरून गेले. दोन दिवसांनी हुडकत आले. त्याने सांगितलं, झाकन हाय माझ्यापाशी, जपून ठेवलं हाय. त्या दिवशी माझा फोटू काढला होता ना जी? तो आना, झाकन घेऊन जा.

"आन्ला?" मास्तरने विचारलं.

"चौथ्या दिवशी आन्ला. फरेम करून."

इतकी वर्षं आम्ही विनवण्या केल्या, रागावलो, ग्रुप सोडले. उपाय तीन बोटं रुंदीचा होता आणि त्याच्या बॅगेच्या बाहेरच्या खिशात होता.

प्रकाशभाऊ तोवर उठून फोटोसमोर गेला होता. मान तिरकी करून त्याने एकदा पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं. चेहरा पडत गेला. "हे कपाळ बघ," तो मला म्हणाला, "पार पांढरं झालं आहे. हायलाइट उडाले. घाईत दिला ना. असा लावणं बरोबर नाही." आणि त्याने हात वर करून फ्रेम खिळ्यावरून काढलीसुद्धा. "काका, हा मी घेऊन जातो. नीट करून आणून देतो."

म्हाताऱ्याने चहाचं भांडं खाली ठेवलं. स्टोव्हला वळसा घालून तो बाहेर आला, प्रकाशभाऊच्या हातातून फ्रेम घेतली, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि ती पुन्हा दोन देवांच्या मधे टांगली.

"फोटू तुमचा असन जी," तो म्हणाला, "थोबाड त माजा हाय."

मग त्याने पाच चहांचे पैसे मागितले. डॉक्टर पैसे काढत होता. मास्तर गाडीकडे गेला होता, बॅगेच्या बाहेरच्या खिशाची चेन उघडत.